सूजी गल्लीतला कट्टा

चुन्याची पांढरी रेघ लुगड्याच्या काठावरून गेली तेव्हा ठकुबाईच्या हातात एका काळ्या कोटाचं दुसरं काज होतं. रेघ मारणारा तरुण एका हातात टेपची डबी आणि दुसऱ्यात चुन्याचं डबडं घेऊन, वाकून, कट्ट्याच्या कडेनं मागे मागे सरकत आला होता. पाठीमागे माणूस बसलंय हे त्याला चुना लुगड्यावर सांडल्यावर कळलं.

“आजी, जरा उठता का? दोन मिनिटं,” तो मोडक्या कन्नडमध्ये म्हणाला आणि मग स्वतःशी मराठीत पुटपुटला, “आता ही कुठली उठतेय!”

“नाहीच उठत,” ठकुबाई मराठीत म्हणाली. “आणि आजी कुणाला रे? त्रेपन्न वर्षांची आहे मी. गल्लीत सगळे अक्का म्हणतात.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “अरे वा! तुम्ही मराठी?”

“नाही, चिनी. रेघ कसली ती सांग.”

तो उकिडवा बसला आणि भराभर सांगू लागला. त्याचं नाव रत्नाकर. पुण्याहून दीड वर्षापूर्वी इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला होता, मल्लेश्वरमला खोली घेऊन राहत होता. व्यापारी संघाच्या अप्पासाहेबांनी त्याला गल्लीचा नकाशा करायला सांगितला होता. गल्ली मरायला टेकली आहे, तिच्यात जीव आणायचा आहे. तो हे सगळं रविवारी, हौसेनं, फुकट करत होता.

“गल्ली आत्ता चौदा फूट आहे,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंचे कट्टे अडीच-अडीच फूट. ते काढले की एकोणीस फूट झाली की नाही? रेघेच्या ह्या बाजूचं सगळं जाणार.”

“ह्या बाजूला मी आहे.”

रत्नाकरनं रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यानं वहीत कट्ट्याची उंची लिहिली होती, अठरा इंच. दगडाचा प्रकार लिहिला होता. दर दुकानासमोर किती लांब, तेही. कट्ट्यावर काय असतं हा रकाना त्याच्या वहीत नव्हता.

“ते संघाचे लोक बघतील ना,” तो म्हणाला.

“कोण लोक? मला कुणी काही बोललं नाही.” ठकुबाईनं मांडीवरचा कोट झटकला. काळ्या लोकरीवर चुन्याचे ठिपके पडले होते. “हा कोट सोमवारी के. आर. पुरमच्या स्टेशन मास्तरला द्यायचाय. आता तूच ब्रश आण आणि बस झटकत.”

पोरगा खरंच ब्रश आणायला मागच्या दुकानात गेला. ठकुबाईचा राग त्यानं कमी झाला नाही.

चिकपेटेच्या पाठीमागची ही गल्ली. कन्नडमध्ये सूजी म्हणजे सुई, म्हणून सूजी गल्ली. केव्हातरी मराठी फौजेबरोबर तंबू शिवायला आलेल्या शिंप्यांची ही घरं, असं तिथले म्हातारे सांगत. खरंखोटं देव जाणे. ठकुबाई लग्न होऊन आली तेव्हा अठरा दुकानं होती आणि अठराही बंद गळ्याच्या कोटासाठी नावाजलेली. कचेरीतले कारकून, शाळामास्तर, नवरदेव, सगळ्यांचे कोट इथंच शिवले जायचे. कापणं, शिवणं ज्याचं तो करी. काजं मात्र सगळ्या गल्लीची एकच माणूस करी. आधी ठकुबाईची सासू, नंतर ठकुबाई. दुसरीकडे असं नसेल, पण सूजी गल्लीत तसंच होतं, आणि का असं कुणी विचारलंही नव्हतं.

चव्वेचाळीस साली तिचा नवरा कृष्णाजी छातीच्या दुखण्यानं गेला. तो आणि देवाप्पा एकाच दुकानात शेजारी शेजारी मशीन चालवायचे. तेराव्यानंतर देवाप्पानं स्वतः कट्ट्यावर पोतं अंथरलं आणि म्हणाला, “अक्का, इथं बसा. उजेड चांगला आहे.” भाडं नाही, काही नाही. देवाप्पाची काजं आधी, मग बाकीच्यांची, एवढंच ठरलं. तेव्हापासून सतरा वर्षं ती तिथं बसत होती. कॉटनपेटला तिची एकच खोली होती आणि तिची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. सकाळी अकराला ऊन यायचं आणि बाराला जायचं. काळ्या कापडावर काळ्या रेशमानं काज करायचं तर डोळ्यांना उजेड लागतो, दिव्याचा चालत नाही. कट्ट्यावर सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तो होता.

पटाशीनं चीर पाडायची, टोकाला चावीच्या भोकासारखा गोल डोळा करायचा, कडेनं जाड दोरा धरायचा आणि मेण लावलेल्या रेशमानं त्याच्यावरून टाक्याला टाका लावत यायचं. एका कोटाला सहा. कोट दहा वर्षांनी विटायचा, काज नाही.

ह्या कामामुळे आणखी एक गोष्ट झाली होती. काजं शेवटून तिसरं काम, त्यानंतर फक्त बटणं आणि इस्त्री. त्यामुळे अठरा दुकानांतला कुठला कोट कुठवर आलाय हे ठकुबाईला पाठ असायचं. देवाप्पाला विचारलं, कोट कधी, तर तो म्हणायचा उद्या. गल्लीतला प्रत्येक शिंपी उद्या म्हणायचा. परवा म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. गिऱ्हाईक बाहेर येऊन कट्ट्यावर टेकायचं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कॉफी मागवायचं आणि हळूच विचारायचं, “अक्का, आमच्या कोटाचं?”

“तुमच्या कोटाला अजून बाह्या नाहीत. गुरुवारी या. आज आलाच आहात तर कॉफी गार करू नका.”

आणि गुरुवारी कोट मिळायचा. कारण ठकुबाई बुधवारी देवाप्पाच्या मागे लागायची.

पण गेल्या पाच-सहा वर्षांत मॅजेस्टिकच्या बाजूला तयार कपड्यांची दुकानं निघाली होती. अठरातली सात दुकानं बंद पडली. गल्लीच्या तोंडाशी कापडाचं मोठं दुकान होतं ते अप्पासाहेबांचं. शिंपी संपले तर त्यांचं कोटाचं कापड घेणार कोण? म्हणून त्यांनी संघ काढला, परवानग्या मिळवल्या आणि हा पुण्याचा इंजिनिअर शोधून आणला.

संघाची बैठक त्याच आठवड्यात, बुधवारी, अप्पासाहेबांच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर भरली. ठकुबाईला बोलावणं नव्हतं. ती गेली आणि दारात उभी राहिली.

कापडाच्या ताग्यांवर टाचण्यांनी नकाशा लावला होता. रत्नाकर फूटपट्टीनं दाखवत होता. चौदा ट्यूबलाइट. दोन्ही बाजूंना सिमेंटचा सपाट फूटपाथ. दर दुकानाला दर्शनी भागात काचेची शोकेस. तोंडाशी कमान. पोराचे डोळे चमकत होते. त्यानं रविवारी सकाळी आणि कारखान्यातून सुटल्यावर संध्याकाळी उभं राहून माणसं मोजली होती. रोज गल्लीत तीनशे दहा माणसं येतात, मॅजेस्टिकच्या तेवढ्याच रस्त्यावर साडेचार हजार.

“का जातात तिकडं?” अप्पासाहेबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “उजेड! काचा! मोकळा रस्ता!”

“त्या कागदात मी कुठं आहे?” ठकुबाईनं दारातून विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. अप्पासाहेब हसले. त्यांचं हसणं छान होतं, कापड खपवणाऱ्या माणसाचं. “या, या, ठकुबाई. तुम्ही तर आम्हाला आईसारख्या.”

“तुमच्यात आईला रस्त्यावर काढतात?”

“काढतंय कोण? घरी बसून काम करा. आरामात.”

“घरी उजेड नाही. आणि कट्टा मोडून तुम्हाला काय मिळणार? कोट हवा असलेला माणूस काय सायकलवरून जाता जाता कोट शिवून घेतो? तो थांबतो, बसतो.”

“ठकुबाई, मग स्पष्टच बोलतो.” अप्पासाहेबांचं हसणं गेलं. “शिंपी गिऱ्हाइकाला सांगतो उद्या. तुम्ही बाहेरून सांगता, उद्या नाही, आठवड्यानं. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. दुकानदाराला दारात बसून खोटं पाडायचं, धंदा असा चालतो का? कट्ट्याबरोबर तेही बंद होईल.”

“कुणी सांगितलं हे तुम्हाला?”

सगळ्यांनी देवाप्पाकडे पाहिलं. देवाप्पा नखातला खडू काढत होता.

“तू?”

“अक्का, मी आपलं… स्वल्प बोललो.”

“स्वल्प म्हणजे किती? माझी जागा जाईल एवढं?” तिचा आवाज चढला आणि समोरच्या हॉटेलातला पोऱ्या कपबश्या घेऊन तिथंच थबकला. “अरे, तू उद्या म्हणतोस म्हणून माणसं जातात! मी गुरुवार म्हणते म्हणून ती परत येतात! सतरा वर्षं तुझ्या वाटच्या शिव्या मी झेलल्या. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नसराईला लोक तुझ्या अंगावर येणार, तर मी मधे बसायचे. आणि तू ह्यांच्या गादीवर बसून सांगतोस की मीच गिऱ्हाईक घालवते?”

“अक्का, जरा हळू…”

“हळू बोलून काय झालं सतरा वर्षांत?”

रत्नाकर नकाशाजवळ फूटपट्टी धरून उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याच्याकडे ह्या विषयाचा आकडा नव्हता. ठकुबाई निघून गेली. बैठकीत ठराव झाला, एकमतानं.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, कट्टे फोडले. दोन दिवस लागले. ठकुबाई दोन्ही दिवस सकाळपासून तिथं उभी होती, कडेवर सुई-दोऱ्याची टोपली घेऊन. मजुरांना तिनं काही म्हटलं नाही, त्यांचा काय दोष! पण अप्पासाहेब दिसले की ती मोठ्यानं म्हणायची, “फोडा, फोडा. घराण्याचं नाव निघेल.” तिच्या बसण्यानं एका शिळेचा मधला भाग तुळतुळीत झाला होता. ती शिळा चार माणसांनी मिळून बैलगाडीत टाकली. गाडी गेली तशी तीही गेली.

आठवड्यानं देवाप्पा तीन कोट घेऊन कॉटनपेटला आला. तिनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

“अक्का, लग्नसराई आहे. सहा दुणे बारा आणि सहा, अठरा काजं.”

“इथं उजेड नाही.”

“दारात बसून करा की.”

“दारातून शेजारणीच्या मोरीचं पाणी वाहतं. त्यात बसू? उजेड तुझ्या दुकानासमोर होता देवाप्पा, तो तू बैलगाडीत भरून पाठवलास.”

तिनं दार लावलं. मग बराच वेळ ती दाराला पाठ लावून उभी राहिली. हात रिकामे होते, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. त्यानंतर ती शेजारच्या एका दुकानाचे परकर आणून त्यांना नाड्या ओवू लागली. हे काम आंधळ्या माणसालाही जमलं असतं.

युगादीला नवी सूजी गल्ली उघडली. कमान, ट्यूबलाइट, सनई. प्रत्येक शोकेसमध्ये प्लास्टरचा एकेक पुतळा, गुलाबी गालांचा, कोट घातलेला. चौकातून, अव्हेन्यू रोडवरून लोक बघायला आले. ठकुबाई गेली नाही. तिनं त्या दिवशी सदतीस परकर उरकले.

मे महिन्यात एका रविवारी रत्नाकर तिच्या दारात उभा राहिला. हातात तीच वही, अंगातला शर्ट घामानं चिकटलेला.

“अक्का, मला काहीतरी कळत नाहीये.”

“मग पुण्याला जाऊन विचार.”

“ऐका तरी. पहिल्या पंधरवड्यात रोज नऊशे माणसं यायची. आता दोनशे चाळीस. म्हणजे आधीपेक्षा कमी. उजेड आहे, रस्ता आहे, सगळं नकाशाप्रमाणे आहे.” तो उंबऱ्याशी खाली बसला आणि पान उलटलं. “मी एक गोष्ट आधीच मोजली होती, उगाचच, वेळ जात नव्हता म्हणून. गल्लीत शिरलेला माणूस किती वेळ थांबतो. आधी वीस-बावीस मिनिटं यायची. आता चार. चार मिनिटांत कोट कसा शिवायला टाकतील?”

“हे तू मला सांगतोस?” ठकुबाईनं हातातली नाडी टाकली. “हेच मी त्या गादीसमोर सांगितलं होतं. तेव्हा तू फूटपट्टी धरून उभा होतास.”

“हो.”

“वीस मिनिटं ते काय काचा बघत होते? बसत होते! बसायला जागा होती, म्हणून थांबत होते. थांबत होते म्हणून विचारत होते. विचारलं तर खरं कळत होतं. आता आत गेलं की उद्या, बाहेर आलं की रस्ता. दोनदा खेप घालतात, तिसऱ्यांदा मॅजेस्टिकला जातात. तिथं कपडा वाईट असेल, पण हातात तर देतात!”

रत्नाकरनं वही मिटली. “मी कट्ट्याला अडथळा म्हणून धरलं,” तो म्हणाला. “नकाशात तसंच लिहिलंय. चूक माझी आहे.”

“चूक म्हटल्यानं शिळा परत येते का?”

“नाही.”

“मग जा. मला परकर द्यायचेत.”

तो गेला नाही. खाली वाकून, न विचारता, तो नाड्या ओवू लागला आणि त्याला त्या नीट ओवता येत नव्हत्या. ठकुबाईनं त्याच्या हातातून परकर ओढून घेतला. पण ऊठ असं मात्र म्हणाली नाही. जाताना तो म्हणाला की आपण संघाला लेखी कळवतो. त्यानं खरंच पत्र लिहिलं, आकड्यांसकट. अप्पासाहेबांनी ते खणात ठेवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्राणेशराव प्रकरण झालं. प्राणेशराव हे कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, तीस वर्षांचं देवाप्पाचं गिऱ्हाईक. थोरल्या मुलाचं लग्न धारवाडला, मुलीकडे. मुलाच्या कोटाची काजं देवाप्पानं बळेपेटेतल्या एकाच्या मशीनवर करून घेतली होती. मशीन आधी टाके घालतं आणि मग मधून कापतं. जाड लोकरीला ते मानवत नाही. नवरदेव बोहल्यावर चढायच्या आधी वरून तिसरं काज उसवलं, मग चौथं. अख्खा लग्नसोहळा मुलगा एक हात छातीवर धरून उभा होता, आणि मुलीकडचे विचारत होते की जावयाला काही दुखणं आहे का.

प्राणेशरावांनी तो कोट आणून देवाप्पाच्या शोकेसवर फेकला. काच फुटली नाही, पण आवाज कमानीपर्यंत गेला.

“ठकुबाई कुठं आहे?” त्यांनी विचारलं. “आठ दिवसांनी इथं सुनेच्या स्वागताची आरतक्षते आहे. अडीचशे माणूस जेवायला येणार. हा कोट तिच्या हातून झाला पाहिजे. नाहीतर हाच कोट ह्या पुतळ्यासारखा मी टाऊन हॉलसमोर टांगीन आणि खाली तुझं नाव लिहीन.”

त्या संध्याकाळी देवाप्पा कॉटनपेटला आला. ह्या वेळी तो दार उघडायची वाट न बघता बाहेरूनच बोलू लागला. सगळं सांगितलं, छातीवरचा हातसुद्धा.

“अक्का, पाया पडतो.”

दार उघडलं. “पाया नको पडू. तुझी शोकेस किती खोल आहे?”

“काय?”

“शोकेस, शोकेस. खोली किती?”

“अडीच फूट… तीन असेल.”

“आणि उजेड?”

देवाप्पा गोंधळला. “काचेतून येतो की. सकाळपासून.”

“तो पुतळा बाहेर काढ. सरकती काच उघडी राहील, मला बोलायला लागतं. उद्या आठला येते. आणि ऐक. कोट कधी हे गिऱ्हाइकानं विचारलं की मी सांगणार, तुझ्यासमोर. तू मधे तोंड घालायचं नाही.”

“अप्पासाहेब रागावतील.”

“मी सहा महिने रागावलेय. माझं काय बिघडलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ठकुबाई शोकेसमध्ये चढून बसली. फळी टणक होती, वर डोक्याशी ट्यूबलाइटची पट्टी लागत होती आणि कृष्णाजीच्या वेळेपासूनच्या गल्लीत पहिल्यांदाच तिला रस्ता काचेच्या चौकटीतून दिसत होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेमागोमाग पुन्हा राग आला. पुतळा आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिनं प्राणेशरावांच्या मुलाचा कोट मांडीवर घेतला आणि मशीनचे टाके उसवायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत शोकेससमोर माणसं जमली. हसायला आलेले होते, बघायला आलेले होते. एकानं विचारलं, “अक्का, तुमची किंमत किती?” ठकुबाई म्हणाली, “तुझ्या पँटला मागं भोक आहे, ते आधी झाक.” तो हात मागे लावून गेला आणि बाकीचे खो खो हसले. संध्याकाळी दोघा जुन्या गिऱ्हाइकांनी आपापल्या कपड्यांचं विचारलं. तिनं आत ओरडून देवाप्पाकडून खरं काढलं आणि वार सांगितला. देवाप्पा लाल झाला, पण गप्प बसला.

चौथ्या दिवशी संघाची नोटीस आली. देवाप्पानं ती वाचून दाखवली. शोकेसचा वापर फक्त माल प्रदर्शित करण्यासाठी करावा.

“प्रदर्शित म्हणजे?”

“लोकांना दिसेल असं ठेवणं.”

“मग मी काय लपून बसलेय?”

सहाव्या दिवशी अप्पासाहेब स्वतः आले. दुपारचे दोन वाजले होते. जूनचं ढगाळ पण उकडणारं हवामान. शोकेससमोर पाच माणसं होती, त्यांत प्राणेशराव. कडेला रत्नाकर, त्याच्या कारखान्याची त्या दिवशी सुट्टी होती.

“ठकुबाई, संघाचा अध्यक्ष म्हणून सांगतोय…” त्यांनी सुरुवात केली.

ठकुबाईनं मान वर केली नाही. प्राणेशरावांच्या मुलाच्या कोटाच्या मशीननं कापलेल्या कडा आधी रफू कराव्या लागल्या होत्या; सुई आत्ता कुठं चौथ्या काजाच्या डोळ्यापाशी आली होती. काज अर्ध्यावर सोडत नाहीत. सोडलं तर दोऱ्याचा ताण बदलतो आणि गोल डोळा एका बाजूला बसतो. हे शिंप्यांच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि अप्पासाहेबांचे वडील शिंपीच होते.

“काज संपू दे,” ती म्हणाली.

अप्पासाहेब थांबले. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बसायला काही मिळतं का. सपाट सिमेंटवर काहीच नव्हतं. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. धोतराचा सोगा हातात घेतला, सोडला. कपाळाचा घाम पुसला. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तसे ते बाजूला झाले, पुन्हा पुढे आले. पाच माणसं त्यांच्याकडे बघत होती. प्राणेशराव म्हणाले, “उभं राहून पाय दुखतात, नाही का अप्पासाहेब? मी पण सहा दिवस उभाच राहून येतोय इथं.”

रत्नाकरनं सवयीनं घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं झाली होती.

ठकुबाईनं शेवटचा टाका मारला, दोरा दातानं तोडला, काज बोटानं दाबून सपाट केलं आणि मान वर केली. “हं. बोला आता.”

अप्पासाहेबांनी तोंड उघडलं. त्या बारा मिनिटांत त्यांच्यामागे आणखी सात-आठ जण येऊन थांबले होते. चार महिन्यांत त्या फूटपाथवर एवढी माणसं थांबलेली नव्हती. अप्पासाहेब व्यापारी होते, त्यांना डोकी मोजायला रत्नाकरची वही लागत नव्हती. ते तसेच वळले आणि कमानीकडे चालू लागले. नोटीस मागे घेतली असं कुणी सांगितलं नाही. पुन्हा कुणी पाठवलीही नाही.

“अक्का, जिंकलात,” देवाप्पा मागून म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात हसू होतं.

ठकुबाई गर्रकन वळली. शोकेसमध्ये वळायला जागा नव्हती, तिचा कोपर काचेवर आपटला.

“जिंकले? माझ्याच जागेच्या तीन फूट मागं, बाहुलीसारखी काचेत बसलेय मी, आणि जिंकले? चार लोक येऊन माझी किंमत विचारून जातात. ह्यांना बसायला अजून काही नाही. ज्यांनी कट्टा फोडला त्यांचं काही गेलं नाही, आणि ज्यानं माझं नाव सांगितलं तो माझ्यामागं उभा राहून दात काढतोय!”

देवाप्पाचं हसू विझलं.

रत्नाकर पुढे झाला. “अक्का, बसायला बिजागरीची फळी लावता येईल. दिवसा खाली, रात्री उभी. फूटपाथवर काही राहणार नाही, परवानगीचा प्रश्न नाही. मी काढून आणतो.”

“नकाशा आणू नकोस. फळी आण,” ती म्हणाली. “आणि अकराही दुकानांना. फक्त इथं नाही.”

“अकरा…” तो मनातल्या मनात बिजागऱ्या मोजू लागला.

तेवढ्यात आत एक नवं गिऱ्हाईक देवाप्पाला विचारत होतं, माप दिलंय, कोट कधी? देवाप्पा म्हणाला, “उद्या.” मग त्याची नजर शोकेसकडे गेली.

“सोळा तारखेला,” तो म्हणाला. “शनिवारी.”

“अठराला,” ठकुबाई काचेतून म्हणाली. “सोमवारी. त्याच्याआधी तीन कोट आहेत.” आणि तिनं पाचव्या काजासाठी पटाशी उचलली.